उचललेल्या पावलाचा तळ

होय, मी भिंगच बोलतोय. पितळी कड, लाकडी मूठ आणि काठाशी केसाएवढा तडा. मोठं करून दाखवायची खोड मला जन्मजात आहे, पण आजचं सांगणं तसूभरही वाढवलेलं नाही.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात मी जन्मलो आणि जोडे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या हाती लागलो. साठी उलटल्यावर त्याला सुईचं नेढं दिसेना, म्हणून त्याने मला आणलं. हा गडी गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघतच नसे. "चेहरा थापा मारतो, जोड्याचा तळ नाही," म्हणायचा. कोण घाईत असतो, कोणाचा दिवस उभ्याने जातो, सारं त्याला झिजलेल्या टाचेवरून कळायचं.

त्याची लेक इतिहास शिकत होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी नागरी हक्कांसाठी दिलेला लढा हा तिचा विषय. तिच्या संशोधनाचा आराखडा मार्गदर्शक सरांनी दोनदा परत केला होता. "यात नवं काय? नेत्यांवर ढिगाने लिहून झालंय," असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्यांदा परत आला, तर प्रवेशच रद्द होणार होता. शिवाय अर्जावर वडिलांचा व्यवसाय तिने नुसता 'दुकान' असा लिहिला होता. बापाने तो वाचला होता, बोलला मात्र काही नाही.

एका संध्याकाळी ती मला घेऊन एका फोटोवर वाकली होती. रस्त्याने चाललेली माणसंच माणसं. बाप हात पुसत आला.

"कुठे निघालेत एवढे सगळे?"

"कामावर, बाबा. बसमध्ये यांना मागे बसवायचे, गोऱ्यांसाठी उठवायचे. म्हणून यांनी बसच सोडली. वर्षाहून जास्त दिवस पायी गेले."

"आण बघू. आपल्याला काय कळतंय म्हणा त्यातलं!"

मला धरून तो पुढच्या रांगेवरून सरकला तो थेट मागे, पिशवी घेतलेल्या एका बाईच्या उचललेल्या पावलापाशी थांबला. त्याच्या श्वासाची वाफ माझ्यावर धरली.

"पोरी, हा पुढचा अर्धा तळ नवा आहे. आणि कडेला जुन्या टाक्यांची भोकं बघ. दुसऱ्यांदा लावलाय."

"बरं मग?"

"अगं, हजारो माणसं वर्षभर चालली. त्यांचे जोडे शिवले कोणी?"

लेकीने फोटो जवळ ओढला. मी तर थक्क झालो. ती बाई कोण, कुठली, काही ठाऊक नव्हतं. पण जोडा झिजला, तिने तो पुन्हा शिवून घेतला आणि परत चालायला लागली, हे माझ्या काचेत लख्ख दिसत होतं. एवढं मोठं मी आजवर काही पाहिलं नव्हतं.

तिने रात्रंदिवस खपून नवा आराखडा लिहिला आणि सरांकडे मलाही नेलं. सर त्या पावलावर बराच वेळ वाकून होते.

"हे तुला कोणी दाखवलं?"

माझ्या मुठीवर तिची बोटं घट्ट झाली. "माझ्या वडिलांनी. ते जोडे दुरुस्त करतात."

"आराखडा मी ठेवून घेतो. आणखी फोटो आहेत आपल्या वाचनालयात. येतील का ते बघायला?"

घरी येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं. बापाच्या हातात मी होतो, खाली जोडा होता.

"काय करतात म्हणालीस?"

"जोडे दुरुस्त करतात, म्हणाले मी."

मी त्याच्या हातून निसटलो आणि फरशीवर आपटलो. तोच हा तडा. आता त्याच्यासोबत मीही वाचनालयात जातो. तुमच्याकडे असा जुना फोटो असेल, तर घाई करू नका, मागच्या रांगेपर्यंत या. मला तड्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मला उचलायला तो वाकलाच नाही. मान वर करून लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.