तात्याबांच्या डाव्या पायाची वहाण

मी तात्याबांच्या डाव्या पायातली वहाण बोलतेय. खालून बोलतेय, तेव्हा जरा वाकून ऐका.

माझा जन्म शिरूरच्या बाजारातला. सिद्दीकभाईंनी मला टायरचा तळ ठोकला आणि तात्याबांना म्हणाले, "आबा, पाय झिजत्याल, पण ही झिजायची न्हाई." माणूस गोड, पण झिजले मीच, तेही फक्त बाहेरच्या कडेनं. कारण तात्याबा फेंगडे चालायचे. कवठे येमाईच्या माळावर आमचा आवाज निघे, फट-सर्र, फट-सर्र. तो ऐकला की काटेरी कुंपणाच्या वाडग्यातली मेंढरं उठून मागं यायची. हाक मारावीच लागत नसे.

मग गुडघे धरले. थोरला मुलगा जालिंदर म्हणाला, "आबा, दिवाळीपातूर नीट चाललात तर ठीक. न्हाई तर मेंढरं इकायची." तात्याबा त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून दौंड गाठलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या प्रतिभाताईंनी गुडघ्याआधी मलाच उलटं करून पाहिलं. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

"आबा, सगळा भार एकाच बाजूला टाकताय. बोटं जरा आत वळवून चाला बघू."

"म्हंजी कबुतरावानी?"

"तसंच. पण हे तुमच्या गुडघ्यापुरतं. गावभर शिकवत फिरू नका."

हळूहळू कळ कमी झाली. मी मात्र गोंधळले. कालपर्यंत बाहेरची कड, आता आतली. मधेच विसरून पुन्हा बाहेरची. आवाजही बदलला, टप, टप. मेंढरं ढिम्म बसून राहिली. कुत्रं तर भुंकलंच.

"गुडघं वळणावर आलं, आन् मेंढरं परकी झाली," तात्याबा हताश होऊन म्हणाले.

गिताबाई चुलीपासून म्हणाल्या, "चाळीस वर्सं संसार केला, मला बी वळखू येईना. ती तर जनावरं!"

जुनं चालावं तर गुडघे जाणार, नवं चालावं तर मेंढरं येणार नाहीत. विक्री दोन्हीकडून ठरलेली.

एका सकाळी वाडग्यापाशी त्यांनी मला काढलं. वाटलं, फेकतायत. त्यांनी मला हातात घातलं आणि खडकावर आपटून घासलं. फट-सर्र! मेंढरं उठली. मग मला पायात सरकवून, बोटं आत वळवून ते निघाले. कळप मागं.

दिवाळी झाली. मेंढरं आहेत, जालिंदरनं विक्रीचा विषय सोडलाय. मी दोन्ही कडांनी झिजलेय, वर रोज खडकावरही आपटली जाते. हल्ली म्होरकी मेंढी 'टप-टप' ऐकून एक कान हलवते. बाई, एकदा त्या आवाजावर उठ गं! तोवर सिद्दीकभाई भेटले तर एवढं विचारा, मला केली होती ती पायासाठी, का हातासाठी?