परदेशातली बहीण

संस्थेत सगळे तिला ताईच म्हणत. बेघरांचा निवारा, म्हाताऱ्यांना घरपोच जेवण, आजाऱ्यांना दवाखान्यात नेणं, असा शहरभर तिचा पसारा. ज्यांचं कुणी नाही त्यांना शेवटचा निरोपही संस्थाच देई. त्यात ताईचा एक हट्ट होता. आधी शेजारीपाजारी जायचं, माणूस कसा होता ते विचारायचं आणि निरोपाच्या वेळी त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे. परक्यांबद्दल ती इतक्या मायेने बोले की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत.

सख्ख्या धाकट्या भावाकडे जायला मात्र या बाईला सवड नव्हती. तो घड्याळं दुरुस्त करायचा, एकटा आणि अबोल. वर्षापूर्वी त्याने खोली बदलली, तीही संस्थेपासून चालत जाण्याइतकी जवळ. त्याचा फोन आला की ती म्हणे, "एवढं हातातलं उरकते आणि येते." तो हसून म्हणे, "ये गं ताई, मी कुठे पळून जातोय?"

एका सकाळी तो गेला. शेजारणीने फोन केला तो संस्थेला, कारण या माणसाचं इथे कुणी नव्हतं. पत्ता ताईच्या भावाच्या खोलीचा होता. हातातलं तसंच टाकून ती निघाली.

शेजारीण शिंपीण होती. तिने दार उघडलं आणि ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मी संस्थेतून आले." पुढचं सांगण्याआधीच शिंपीण बोलायला लागली.

"फार सज्जन माणूस हो. एक बहीण आहे त्यांना, पण ती परदेशात असते. दर रविवारी तिचा फोन यायचा. दार लावून तासभर बोलायचे, मोठमोठ्याने हसायचे. मग मला सांगायचे, ताई आज असं म्हणाली, तसं म्हणाली. दोनदा तर तिचं यायचं ठरलंही होतं. पण इतक्या लांबून येणं काय सोपं आहे?"

ताईने रविवारी कधीच फोन केला नव्हता. तिच्या न येण्यावर पांघरूण घालायला तो वेडा बंद दाराआड एकटाच हसत बसला होता. ती बहीण मीच असं म्हणावं, तर मेलेला भाऊ खोटा ठरत होता. न म्हणावं, तर तो बेवारस जात होता.

दुसऱ्या दिवशी निरोपाला शिंपिणीबरोबर गल्लीतली पाच-सहा माणसं आली. संस्थेतल्यांना ताईने गप्प राहायला सांगितलं होतं. ते माना खाली घालून उभे राहिले.

"यांची बहीण फार लांब असते," ताई म्हणाली. "तिला यायला जमलं नाही. यांनी तिला कधी बोल लावला नाही." ती ढसाढसा रडू लागली.

शिंपिणीने तिला जवळ घेतलं.

"परक्यासाठी इतकं रडता, धन्य आहे तुमची. पण रविवारी ती बिचारी फोन करेल आणि इकडे कुणी उचलणार नाही. जिवाला घोर लागेल हो तिच्या. त्याआधी तिला कळवाल ना?"

"कळलंय तिला," ताई म्हणाली.