बारा दिवसांची मुकी ऐरण

माघातले कोवळे ऊन तांबट आळीत उतरले, की आधी तांब्यावर बसते. केशरी घंगाळावर, गुलाबी घागरीवर, अर्ध्या घडलेल्या बंबाच्या पोटावर. तांब्याच्या पोटात एक सूर्य असतो. तो मावळत नाही, नुसता काळवंडतो, आणि चिंचेचे बोट फिरले की पुन्हा उगवतो.

एके काळी या आळीत चाळीस ऐरणी होत्या. चाळीस हातोड्यांचा एक ताल. त्या तालावर मुले पाढे म्हणत, त्या तालावर भाकऱ्या थापल्या जात. मग स्टील आले, प्लास्टिक आले. भट्ट्या विझल्या, कौले उतरली, आणि समोर आठ मजल्यांची शुभ्रवर्णी इमारत उभी राहिली.

उरली एकच हातोडी. मुकुंदअण्णा पिंपळ्यांची.

पौषात चौथ्या मजल्यावरच्या सरनाईकांची चिठ्ठी आली. ‘ठोक्यांचा त्रास होतो. काम बंद करा, नाहीतर तक्रार करू.’

आणि महिन्याभराने त्याच सरनाईकांकडे नातू जन्मला. बातमी कानी पडताच अण्णांनी हातोडी खाली ठेवली. आळीत बाळ जन्मले, की बारा दिवस ऐरण मुकी. ही आळीची रीत.

“अहो, चिठ्ठीवाल्यांच्या बाळासाठी?” अण्णांच्या कारभारीण पमाकाकू कडाडल्या. “लग्नाची घागर अडकलीय तिकडे!”

“चिठ्ठी आजोबांनी लिहिली,” अण्णा म्हणाले. “बाळाला कुठे अजून लिहिता येतं?”

बारा दिवस. किती निःशब्द, किती लांब! पारव्यांचे पंख ऐकू आले, नळाचा थेंब ऐकू आला. आणि वरून, मधूनमधून, एक कोवळे, अखंड रडणे.

तेरावी सकाळ उजाडली. अण्णा ऐरणीपाशी बसले; पण हात उठेना.

“आता हे असंच राहू दे का गं?” ते हलकेच म्हणाले. “सगळ्यांनाच बरं पडेल.”

काकू पदराने ऐरणीवरची धूळ पुसू लागल्या.

तेवढ्यात दारात सावली पडली. सरनाईकांची सून, मृदुला. कुशीत बाळ, हातात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा.

“अण्णा, आमच्या चिठ्ठीमुळे बंद केलंत ना?”

“नाही गं पोरी. आळीत बाळ आलं, की आम्ही बारा दिवस गप्प.”

तिचे डोळे भरून आले. “तरीच! हा घरी आल्यापासून झोपतच नाही. नऊ महिने तुमचा ठोका ऐकत वाढला, आणि बाहेर येऊन बघतो तर ठोकाच नाही.”

“आणि तुझ्या सासऱ्यांच्या तक्रारीचं काय?” काकूंनी टोला हाणलाच.

“वाटीवर चमचा वाजवून वाजवून बाबांचे हात भरून आलेत, काकू. त्यांनीच पाठवलंय मला. स्वतः यायला लाजतायत.”

काकूंना हसू फुटले. अण्णांनी ऐरणीला हात लावला, तो कपाळी टेकवला. कोणाचे आभार मानले त्यांनी? तांब्याचे, आळीचे, की त्या इवल्या, हट्टी, निद्राहीन जिवाचे?

ठण्. मग ठण्. मग सगळा ताल.

बाळाची मूठ सैलावली. पापण्या जड झाल्या. आणि वर, चौथ्या मजल्यावर, एक काचेची खिडकी सरकली. थोडी, मग आणखी थोडी, मग पूर्ण. पांढऱ्या केसांचे एक डोके बाहेर वाकले, आणि अंगभर ऊन घेत, ऐकत राहिले.