फॅरेडे का आवडतो?

राजेश्वरी गर्जेने अर्जावर मायकेल फॅरेडेचं नाव लिहिलं, ते रंगनाथ सरांनी सांगितलं म्हणून.

पाथर्डीच्या कॉलेजात ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं मे महिन्यात उन्हाळी शिबिर होतं. जिल्ह्यातून मोजकीच मुलं घेणार होते. अर्जात शेवटचा प्रश्न होता : तुमचा आवडता भौतिकशास्त्रज्ञ कोण आणि का? त्याखाली चार ओळींची जागा. बाकीचा अर्ज तिने अर्ध्या तासात भरला आणि या चार ओळींपाशी दोन दिवस अडली. तिला गणितं आवडायची. त्यांमागचे नियम शोधणाऱ्या माणसांविषयी आपलं काही मत असावं लागतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"फॅरेडे लिही," भौतिकशास्त्र शिकवणारे रंगनाथ सर म्हणाले. "लोहाराचा पोरगा. पुस्तकं बांधायच्या दुकानात कामाला होता, तिथंच वाचून शिकला. तुझे आईवडील ऊस तोडायला जातात. अगदी जुळतं बघ. मुलाखत घेणाऱ्यांना असलं भावतं."

तिने तसंच लिहिलं. गरिबीतून वर आला, म्हणून आवडतो.

फेब्रुवारीत नगरला मुलाखतीचं बोलावणं आलं. संध्याकाळी तिने आईला फोन लावला. गोजरबाई तेव्हा कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या ऊसतोड तळावर होती. चुलीपुढे बसूनच ती बोलत होती.

"कोन म्हनलीस? फ्यारडे? काय केलं त्यानं?"

"तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हलवलं की वीज तयार होते, हे त्याने दाखवलं."

"बरं केलं की. अन् तुला का आवडतो?"

"गरीब होता. शाळा फार झाली नव्हती त्याची."

पलीकडे काटकी मोडून चुलीत सारल्याचा आवाज आला. मग गोजरबाई म्हणाली, "गरीब तर हितं तळावर समदेच हायेत. शाळा कुनाचीच न्हाई झाली. त्यात आवडायसारखं काय हाय, राजे?"

आईने सहज विचारलं होतं, आणि लगेच ती जेवणाखाणाचं विचारू लागली. पण फोन ठेवल्यावर राजेश्वरीला वाटलं, आपण लिहिलेलं खोटं आहे. आपण फॅरेडेविषयी लिहिलंच नाही. स्वतःविषयी लिहिलं, तेही दुसऱ्याने सांगून.

मग ती वाचायला बसली. वसतिगृहातली तिची मैत्रीण निकिता रोज विचारायची, "आज कोण?" कधी न्यूटन असायचा. पण तो लोकांशी किती भांडायचा हे वाचून तिचं मन उडालं, आणि भांडखोर माणसाचा सिद्धांत आवडू नये का, असं वाटून पुन्हा परत आलं. मग बिभा चौधरी या बंगाली भौतिकशास्त्रज्ञ सापडल्या. दार्जिलिंगकडच्या डोंगरांवर त्यांनी फोटोसाठी रसायन लावलेल्या काचा महिनोन्महिने ठेवल्या. आकाशातून येणाऱ्या किरणांच्या खुणा त्यांवर उमटल्या. पुढे महायुद्धात चांगल्या काचा मिळेनात, काम अडलं, आणि त्याच वाटेने पुढे गेलेल्या परदेशातल्या माणसाला नोबेल मिळालं.

"याच घे," निकिता म्हणाली. "बाई आहेत, आपल्या देशातल्या आहेत."

"पण मला त्यांचा आदर वाटतोय का नुसती हळहळ, तेच कळेना."

"तुझं डोकं फिरलंय. झोप आता."

मुलाखतीच्या दिवशी सकाळच्या एसटीत, करंजीचा घाट उतरेपर्यंत तिने तीनदा नाव बदललं. नगरला स्टँडवर उतरली तेव्हा तिच्याकडे एकही नाव नव्हतं.

खोलीत तिघं होती. मधल्या बाईंनी अर्ज पुढे ओढला. "फॅरेडे. गरिबीतून वर आले, म्हणून आवडतात. बरोबर?"

"नाही, मॅडम."

"म्हणजे?"

"मी तसं लिहिलंय. पण ते कारण होत नाही."

"मग खरं कारण काय?"

"मला नक्की सांगता येत नाही." तरी ती बोलत राहिली. "त्यांना वाटायचं, गुरुत्वाकर्षण आणि विजेचा काहीतरी संबंध असणार. म्हणून ते उंचावरून वस्तू खाली सोडायचे आणि तारेत वीज येते का बघायचे. काहीच आलं नाही. तर त्यांनी काहीच आलं नाही असं लिहून ठेवलं. संबंध असावा असं अजून वाटतं, हेही लिहिलं. मला ते वाचून कसंतरीच झालं."

"कसंतरी म्हणजे?" कडेचे वयस्कर सर पुढे झुकले. "अपयश आलं, याचं कौतुक वाटलं?"

"नाही सर. लाज वाटली." आता थांबावं असं तिला वाटलं, पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. "आम्ही लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग केला होता. माझं उत्तर नऊ पॉइंट चार आलं. पुस्तकात नऊ पॉइंट आठ आहे. मी वेळेचे आकडे बदलून नऊ पॉइंट आठ केलं. मला पूर्ण मार्क मिळाले."

तिसऱ्या सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"मग फॅरेडेच तुमचे आवडते, असं समजायचं?" बाईंनी विचारलं.

"त्यांच्यासारखं मला जमत नाही, एवढंच कळलंय. आवडणं म्हणजे तेच का, माहीत नाही."

ती बाहेर आली. आपण खरं बोललो की स्वतःच्या हाताने अर्ज फाडला, हे तिला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी तिने रंगनाथ सरांना सगळं सांगितलं. ते पहिल्यांदा हसले, मग गंभीर झाले. "अगं, आकडे सगळेच जुळवतात. आम्हीही जुळवले. पण तिथं जाऊन कुणी सांगतं का? कॉलेजचं नाव घेतलंस?"

"नाही सर."

"बरं." ते खडू हातात घेऊन तसेच उभे राहिले. "नऊ पॉइंट चार का आलं असेल, ते बघितलंस का तू?"

तिने बघितलं नव्हतं. हा प्रश्न तिला पडलाच नव्हता, आणि तो सरांनी विचारावा याचं तिला आणखीच नवल वाटलं.

मार्चच्या शेवटी यादी लागली. अकरा नावांत तिचं नाव नववं होतं. कारण कुणाचंच दिलेलं नव्हतं. खरं बोलली म्हणून घेतलं, की कीव आली म्हणून, की मार्क चांगले होते म्हणून? तिने संस्थेला मेल लिहायला घेतला आणि पुसून टाकला.

गोजरबाई तोवर गावी परतली होती. उन्हाने काळवंडलेली, तळहात उसाच्या पानांनी चिरलेले. राजेश्वरीने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"मला का घेतलं तेच कळत नाही, आई."

"कळंल तितं गेल्यावर," गोजरबाई म्हणाली. "न्हाई कळलं तर इचार त्यांना. आता ती गोधडी घे, दोघी मिळून धुऊन टाकू. तुला न्यायला लागंल."