मावशीच्या बोटांखालची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी ब्रेलपट्टी आहे. कीबोर्डाखाली ठेवायची एक लांबट, चपटी पेटी. माझ्या अंगावर चाळीस खाने आहेत आणि प्रत्येक खान्यात टाचणीच्या टोकाएवढे आठ ठिपके. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे अक्षर उमटतं त्याचे ठिपके मी वर उचलते आणि न दिसणारं माणूस ते बोटांनी वाचतं.

एका छोट्या कारखान्यात, डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझा एकेक ठिपका बसवला. तिथून मी मावशीकडे आले, त्याला एकोणीस वर्षं झाली. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आधी तिची दृष्टी गेली, मग हळूहळू कानही गेले. बोलणं मात्र अजून खणखणीत. तिची भाची लिफ्ट दुरुस्त करते. ती मावशीच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून बोलते. पण सकाळी आठला ती कामावर गेली की संध्याकाळपर्यंत मावशीला मीच. बातम्या, गोष्टी आणि मैत्रिणीची पत्रं, सगळं माझ्यातून. ही मैत्रीण एक्स्चेंजमध्ये शेजारच्या, तेरा नंबरच्या खुर्चीवर बसायची. मावशी तिला अजून 'तेरा नंबर'च म्हणते.

"ही आहे म्हणून मी घरात एकटी नाही," असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी आतल्या आत फुलून जायचे.

एका सकाळी जुना कॉम्प्युटर जळका वास सोडून बंद पडला. भाची तडक दुकानात गेली. माझ्यासारख्या जुन्या पट्टीशी बोलणारा प्रोग्राम लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालतो, एवढं तिला ठाऊक होतं. दुकानदार म्हणाला, "लिनक्स ना? काहीही घ्या, सगळ्यावर चालतं." तिने सगळ्यात नवं, सगळ्यात देखणं ते घेतलं. मला मात्र कुणी विचारलं नाही.

घरी आणून पाहते तो काय, माझी नऊ पिनांची वायर लावायला मागे जागाच नव्हती. वायफायचं कार्डही लिनक्स ओळखेना. तिसऱ्या दिवशी भाचीने जुन्या बनावटीचं कार्ड आणून बसवलं, तेव्हा मेल येऊ लागले. तिने मावशीच्या तळहातावर लिहिलं, 'तेरा नंबरची पत्रं आहेत. वाचून सांगू?'

मावशीने मूठ मिटली. "माझी पत्रं मी वाचीन."

मग भाचीने माझी वायर यूएसबीत लावता येईल असा एक जोड आणला. त्यातल्या चिपचं आणि लिनक्सचं काही केल्या पटेना. मावशीने अधीर होऊन बोटं टेकवली. मी जीव तोडून ठिपके उचलले. पण माझ्यापर्यंत येत होता तो नुसता कचरा. अर्धी अक्षरं, उलटीसुलटी. मावशीने पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा.

"बोटंही गेली का गं माझी?"

मित्रांनो, तिची बोटं शाबूत होती. खोट त्या जोडात होती. पण हे मी कशी सांगणार? भाची तळहातावर लिहायला गेली तर मावशीने हात पदराखाली लपवला. तिने हातच दिला नाही तर तिच्याशी बोलायचं तरी कसं? दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढ्यात ठेवलेलं ताट तसंच परत जाई. भाची बाथरूमचा नळ सोडून रडायची. मावशीला रडणं ऐकू येणार नव्हतं, तरीही.

सहाव्या दिवशी भाचीने बळेच मावशीचा हात ओढून लिहिलं, 'चूक माझी. बोटं नीट आहेत. तपासून बघ.' आणि कॉम्प्युटरची वायर काढून, त्याचं झाकण उघडून, तो हात तिने आतल्या बोर्डावर ठेवला.

मग बोटं सरकू लागली. एक्स्चेंजमधल्या हजार भोकांत अंदाजाने प्लग खोचणारी ती बोटं!

"इथे पिना आहेत," ती म्हणाली. "एका रांगेत पाच, दुसरीत चार. नऊ झाल्या. अशा तीन जागा आहेत गं. हिची कुठली?"

भाचीने बॅटरी मारून बारीक अक्षरं वाचली. दोन जागांपाशी यूएसबी लिहिलेलं, तिसरीपाशी कॉम, म्हणजे माझ्यासारख्या जुन्या वायरींची जोडणी. माझी जागा! बोर्डावर ती होती, फक्त मागे बाहेर काढलेली नव्हती. भाची धावत कामाच्या ठिकाणी गेली आणि भंगारातल्या कॉम्प्युटरची बाहेर जोडणी काढायची वायर घेऊन आली.

संध्याकाळी माझे ठिपके उभे राहिले. मावशीने पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचलं. 'रागावलीस का?' असं तिसऱ्यात होतं. चौथं त्याच दुपारचं: 'उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन. तुझं एक अक्षर वाचून जायचं होतं. तू काही बोलत नाहीस.'

मावशीने टाइप केलं, "तेरा नंबर, लाइन तुटली होती. मी आहे."

मग ती माझ्यावर दहाही बोटं ठेवून बसली. माझे खाने सपाट. भाची दाराला टेकून उभी. बऱ्याच वेळाने ठिपके उचलले गेले: 'जोडली गेलीस. आता खुशाल नेऊ देत मला.'

मावशीची आसवं माझ्या खान्यांत पडली. पाणी मला वर्ज्य आहे, तरी त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

तेरा नंबर वाचली. माझे तीन ठिपके मात्र आता वर येत नाहीत, पुढेमागे आणखी जातील. मित्रांनो, घरात नवं यंत्र जरूर आणा. पण कुणाचा हात कशावर टेकलेला असतो ते आधी बघा, आणि दुकानात जाताना त्या माणसाला सोबत घेऊन जा.