सुनावणी होडीतून

मोबाइल कंपनीविरुद्ध मी तक्रार केली, तर ग्राहक कार्यालयाने सुनावणी ठेवली ती मोबाइलवरच, व्हिडिओ कॉलने. गावच्या फिएस्टात, म्हणजे जत्रेत, कंपनीच्या पोरीने "आते, घरबसल्या इंटरनेट" म्हणत प्लॅन माझ्या गळ्यात मारला होता आणि घरात रेंजचा पत्ता नाही. म्हणून नवऱ्याने, तिबोने, मला होडीत घालून पार खाडीच्या तोंडाशी आणलं, कारण रेंज तिथेच येते. लाटांनी होडी हेलकावत होती, ओल्या हातातून फोन निसटत होता आणि पडद्यावर कंपनीचा वकील एसीत बसून हसत होता.

"मॅडम, तुम्ही स्पष्ट दिसताय, आवाजही येतोय. मग तक्रार कसली?"

शेजारच्या चौकोनात अधिकारी बाईंनीही मान डोलावली. माझं डोकंच फिरलं.

"तिबो, होडी घराकडे वळव."

"अगं, सुनावणी चाललीय ना?"

"म्हणूनच. अधिकारी मॅडम, घर दाखवते, बघत राहा."

वकील म्हणाला, "जरूर दाखवा. आमचं नेटवर्क सगळीकडे..."

किनारा अजून लांब होता, तेवढ्यात रेंज गेली आणि पडद्यावर त्याचं तोंड उघडं ते उघडंच गोठलं. मी त्याला तसंच घरात नेलं, जेवणाच्या टेबलावर टेकवून ठेवलं.

"हं," म्हटलं, "बोला की आता."