गिरणीची मोटार

तिसगावात कुणाची विहिरीवरची किंवा गिरणीची मोटार जळाली की माणसं कल्याणकडे यायची. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मोटारी पुन्हा भरायचं, रिवाइंडिंगचं दुकान होतं, मध्ये एक पडदा आणि पडद्यामागे संसार. जळालेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळून कॉइल बसवायच्या आणि शेवटी हे सगळं गुंडाळलेलं वाइंडिंग वार्निशमध्ये बुडवायचं. या शेवटच्या कामावर कल्याणचा फार जीव. तारेवर मुळातला लेप कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. कुठं ओरखडा गेला की तार तारेला भिडते आणि मोटार जळते. वार्निश आत शिरून एकेक फट भरून काढतं, वाळलं की सगळ्या तारा दगडासारख्या एकजीव होतात. म्हणून तो ते कधी उरकून टाकायचा नाही. बुडवायचा, निथळू द्यायचा, मग लोखंडी पिंपात मोठे बल्ब लावून वाइंडिंग भाजायचा. घरभर उग्र, डोक्यात चढणारा वास पसरायचा. धंद्यात नवा असताना त्याचं डोकं दुखायचं. पुढं त्याला तो वास येईनासाच झाला.

त्याची मुलगी संस्कृती दुसरीत होती. तिला सारखा खोकला असायचा. धूळ बाधते, थंड खाते, असं घरात प्रत्येकजण काहीबाही म्हणायचा. एका संध्याकाळी पिंपातले बल्ब पेटलेले असताना ती पडद्याआडून बापाकडे पळत आली आणि त्याच्या मांडीवरच तिचा श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडले. शेजाऱ्याच्या जीपमधून नगर गाठेपर्यंत कल्याण तिला छातीशी घट्ट धरून बसला होता आणि तिचं घरघरणं वाढतच चाललं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला वाफ दिली, मग मान वर करून कल्याणकडे पाहिलं.

"तुम्ही काम काय करता?"

त्यानं सांगितलं.

"जरा दाराबाहेर थांबा. तुमच्या कपड्यांना केवढा वास येतोय!"

"मला तर काईच येत न्हाई," कल्याण म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

"दमा आहे मुलीला. या वार्निशनं तो उसळतो. एकतर ते काम बंद करा, नाहीतर तिला त्यापासून लांब ठेवा."

जीपमध्ये आपणच तिला छातीशी धरून आणलं, हे कल्याणच्या ध्यानात आलं ते दाराबाहेर उभा राहिल्यावर. त्यानं तिथंच शर्ट काढून पिशवीत कोंबला आणि बनियनवर बसून राहिला.

गावी परतल्यावर त्यानं दुकान घरातून हलवलं. पाथर्डी रस्त्याला एक पत्र्याचं शेड मिळालं. कामाचे कपडे तिथंच ठेवायचे, तिथंच अंघोळ करायची आणि मगच घरी यायचं. घरी आला की बायको, पंकजा, दारातच त्याला थांबवायची. केस हुंगायची, हात हुंगायची. कधी आत घ्यायची, कधी नुसती मान हलवायची. मग कल्याण ओट्यावरच जेवायचा, आणि आतून संस्कृती विचारायची, "पप्पा, आज पण बाहेरच?"

शेवटी त्यानं वार्निशचं कामच सोडायचं ठरवलं. बोअरमधल्या पाणबुडी मोटारीला प्लास्टिकच्या वेष्टनाची तार असते, तिला वार्निश लागत नाही. तेवढ्याच मोटारी भरायच्या, बाकीची गिऱ्हाइकं परत पाठवायची. विहिरीवरच्या मोटारी, कडबाकुट्टीच्या मोटारी, पंखे, सगळं दुसरीकडे जाऊ लागलं. माणसं तोंडावर म्हणायची, "कल्याणशेठ मोठे झाले!" त्यानं ते ऐकून घेतलं. कारण त्या हिवाळ्यात संस्कृती त्याच्या कुशीत झोपू लागली होती. तिला त्याच्या मिशा ओढायची खोड होती. ती त्याला पाढे म्हणून दाखवायची, चुकली की त्याच्याच पोटात तोंड खुपसून हसायची. पंकजानं दारात हुंगायचं सोडून दिलं.

उन्हाळा लागला. लग्नसराई आली, घरोघरी कुरडया-पापड निघाले आणि नेमकी साळूबाईंची गिरणी बंद पडली. साळूबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. नवऱ्यामागं त्यांनी त्या गिरणीवरच दिवस काढले होते. मोटार बाहेरून भरून आणली, ती आठवड्यातच पुन्हा जळाली. साळूबाई शेडवर येऊन उंबऱ्यातच बसल्या.

"कल्याण, तू तरी बघ रं बाबा. त्यांनी वार्निश वल्लंच ठिवलं, म्हनं."

"मावशी, म्या सोडलंय ते काम. तुमाला ठावं हाय ना पोरीचं?"

"ठावं हाय. म्हून तर इतके दिस आले न्हाई." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "बायका दळणाचे डबे घिऊन उभ्या ऱ्हात्यात दारात. त्यांना म्या काय सांगू?"

त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही. उठून निघाल्या. त्यांच्या पाठीला आलेलं पोक पाहून कल्याणनंच हाक मारली.

मोटार शेडवर आली. त्यानं पंकजाला आधीच सांगून टाकलं, काम संपेपर्यंत मी शेडवरच राहीन. पंकजा नाही म्हणाली नाही. तिचंही दळण साळूबाईंकडेच जायचं. कल्याणनं वाइंडिंग भरलं, वार्निश पाजलं, पिंपात भाजलं, वर कडक ऊन दाखवलं. साबणानं हात घासून घासून कातडी सोलवटली. मग टेम्पोत मोटार टाकून त्यानं ती गिरणीत नेऊन बसवली.

बटण दाबलं तशी मोटार एका लयीत फिरू लागली. बायकांनी पटापट डबे पुढं सरकवले. साळूबाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली. नवीन भरलेली मोटार पहिल्यांदा चालून तापली की आतलं वार्निश पुन्हा वास सोडतं. कल्याणला हे पक्कं माहीत होतं. पण त्याच्या नाकाला काही कळत नव्हतं आणि आपली मुलगी इथं येईल हे त्याच्या मनातही नव्हतं.

संस्कृती शाळेतून घरी चालली होती. गिरणी सुरू झालेली तिला ऐकू आली. कितीतरी दिवसांत बाप दिसला नव्हता. ती बायकांमधून वाट काढत आत शिरली.

"पप्पा, ही तुमी केली?"

कल्याण पट्टा ताणत वाकला होता. त्यानं वळून पाहिलं तेव्हा ती पिठाच्या धुराळ्यात उभी होती आणि हसता हसता तिची छाती भरू लागली होती. तो एक पाऊल पुढं आला आणि तिथंच थबकला. अंगात कामाचे कपडे. हात मोटारीवर फिरलेले.

"तिला उचला!" तो ओरडला. "मावशी, तुमी उचला! भायेर न्या, मला न्हाई शिवता येत!"

साळूबाईंना आधी कळेचना. मुलगी त्याच्याकडे हात करत होती आणि तो मागं मागं सरकत भिंतीला टेकला होता. मग एका बाईनं तिला उचललं आणि पळतच बाहेर नेलं. पंकजा घरून औषधाचा पंप घेऊन धावत आली, पण त्यानं भागलं नाही. तिला घेऊन जीप निघाली, तेव्हा कल्याण कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून निघाला. पूर्ण रस्ताभर त्याला जीपच्या मागच्या काचेत पंकजाची पाठ तेवढी दिसत होती.

संस्कृती वाचली. पण या वेळी फार दिवस दवाखान्यात राहिली. नाकातोंडाला मुखवटा लावून पडलेल्या मुलीला तो काचेतून बघायचा. घरी सोडायची वेळ आली तेव्हा त्याची बहीण सुकन्या कोपरगावहून आली होती. ती म्हणाली, "दादा, काही दिवस माझ्याकडं ऱ्हाऊ दे. हवा बदलंल."

मुलगी तिकडे गेली. कल्याणनं शेडला कुलूप घातलं. वार्निशचे डबे देऊन टाकले, पाणबुडी मोटारींनाही हात लावला नाही. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर नको, तिथंही वास, म्हणून एका कांदा व्यापाऱ्याच्या गोदामात कामाला लागला. गोण्या उचलून खांदे सुजले तरी त्यानं एक खाडा केला नाही. पावसाळा संपत आला तेव्हा पंकजानं एकदा त्याच्या मानेशी नाक नेलं आणि म्हणाली, "आता काईच न्हाई. जा, घिऊन या तिला."

तो नवा शर्ट घालून कोपरगावला गेला. सुकन्याचं घर गोदावरीच्या बाजूला होतं. संस्कृती अंगणात खेळत होती. उंच झाली होती, गाल भरले होते. बापाला बघून ती उठली, दोन पावलं आली आणि थांबली. मग आपसूक तिनं फ्रॉकची बाही नाकावर धरली.

"पप्पा, तुमी तिथंच बसा," ती म्हणाली. रागानं नाही. ताप आलेल्या माणसाशी बोलतात तसं, समजुतीनं.

"अगं, मी काम सोडलं. येत न्हाई आता वास."

"तुमाला येतच नसतो."

तो अंगणातल्या खाटेच्या या टोकाला बसला, ती त्या टोकाला. त्यानं हात पुढं केला तशी ती खोकू लागली. सुकन्यानं तिला पाणी दिलं, पाठ चोळली. खोकला लगेच थांबला, पण ती घरात गेली ती पुन्हा खाटेवर आली नाही. आतूनच तिनं नव्या शाळेचं, मैत्रिणींचं सांगितलं.

सुकन्या त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. "दादा, ऊस पेटवत्यात तरी तिला काई हुत न्हाई इथं. तुझा राग न्हाई तिला. भ्याली हाय."

"व्हय," कल्याण म्हणाला. "भिऊ दे. जगंल."

घरी आल्यावर त्यानं पंकजाला सगळं सांगितलं. तिनं चूल विझवली. मग पेटी काढून स्वतःच्या साड्या भरू लागली.

"तिला आई तरी पायजे," ती म्हणाली.

"पायजे."

"तुमी जेवाचं काय करताल?"

"करीन काईतरी."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला एसटीत बसवून दिलं. ती खिडकीशी बसली. गाडी हलेपर्यंत तिनं त्याचा हात धरून ठेवला होता. स्टँडवरून तो घरी गेला नाही; आता दारात वास हुंगायला तिथं कुणी नव्हतं. शेडवर आला आणि कुलूप काढलं. कुणीतरी विहिरीवरची एक जळकी मोटार दाराशी टाकून गेलं होतं, बहुधा महिन्यांमागं, कारण तिच्यावर गवत चढलं होतं. त्यानं ती ओढत आत घेतली, नट सैल केले आणि आतली काळी पडलेली तार उपसायला बसला.